गाडी ओढत नाही म्हणजे पेट्रोलच खराब, असं का धरून चालायचं?

टॅपेट:
बाईक मिसिंग करायला लागली, पिकअप घेईना, की पहिलं वाक्य ठरलेलं: पेट्रोलमध्ये भेसळ आहे. मग पंप बदला, टाकीत क्लीनरची बाटली ओता, हाय ऑक्टेन भरून बघा. एवढं सगळं होईपर्यंत मूळ बिघाड जिथल्या तिथे. पेट्रोल खराब निघतं, हे मलाही मान्य आहे. पण पुरावा हातात आल्याशिवाय तसं म्हणू नये.

ओळखीतल्या एका कार्ब्युरेटरवाल्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) गाडीचं सांगतो. घरून निघताना झकास चालायची, थोडं अंतर कापलं की दम तोडायची. बाजूला घेऊन पाच-दहा मिनिटं उभी केली की पुन्हा चालू. मालकाचं एकच पालुपद, पेट्रोल. बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडायला सांगितलं, तर फुस्स करून हवा आत गेली. झाकणातलं हवेचं छिद्र मातीनं बुजलं होतं. या गाड्यांत पेट्रोल नुसत्या वजनानं खाली उतरतं, आणि टाकीत वरून हवा शिरली नाही तर ते उतरणारच नाही. छिद्र तारेनं मोकळं केलं, तक्रार संपली.

असेच चुकून पेट्रोलवर जाणारे आळ किती सांगू! एअर फिल्टर तुंबला की मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त होतं, काळा धूर येतो, प्लगवर कोरडी काजळी बसते. क्लच स्लिप झाला की इंजिनची रेस वाढते पण गाडी पळत नाही. मागचा ब्रेक धरून राहिला तरी गाडी ओढत नाही असंच वाटतं. यातलं एकही पेट्रोलचं पाप नाही.

फ्लोट बाऊल:
तुमचं उदाहरण खरं असेल, पण सोयीचं आहे. माझ्यासमोर ज्या गाड्या येतात त्यांत उलट दिसतं. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्या घ्या. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो, उरतो तो चिकट गोंद. पायलट जेटचं (कमी रेसला पेट्रोल देणाऱ्या कार्ब्युरेटरमधल्या भागाचं) छिद्र सुईच्या टोकाएवढं, ते सगळ्यात आधी बुजतं. मग चोक ओढून हवा कमी केली की चालते, चोक सोडला की बंद. हा दोष पेट्रोलचा नाही तर कोणाचा?

दुसरं इथेनॉलचं. साधं पेट्रोल पाणी धरत नाही, इथेनॉल धरतं. १० टक्के इथेनॉलच्या मिश्रणात साधारण अर्धा टक्का पाणी विरघळून राहू शकतं, थंडीत त्याहून कमी. ती मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर करतात. पेट्रोल कॉकला तळातलंच आधी मिळतं. त्यावर कितीही किक मारा, इंजिन पेट घेणार नाही. अशा वेळी एअर फिल्टर झटकत बसणं म्हणजे वेळ फुकट.

टॅपेट:
उभ्या गाडीचं शंभर टक्के मान्य. पण ते पेट्रोल पंपावरून निघालं तेव्हा चांगलंच होतं, टाकीत पडून शिळं झालं. मालक शिव्या देतो पंपाला.

आणि इथेनॉलवर सगळं ढकलू नका. शुद्ध पेट्रोलला जळायला वजनानं १४.७ पट हवा लागते, १० टक्के मिश्रणाला १४.१ पट. म्हणजे त्याच जेटवर मिश्रण चारेक टक्के लीन होतं, हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. ॲव्हरेज तीनेक टक्क्यांनी घटतो, कारण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच एक तृतीयांश कमी. सुस्थितीतली गाडी एवढ्यानं झटके मारत नाही. झटके मारत असेल तर ती आधीपासूनच लीन होती. बहुतेकदा इनटेक मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळीच्या) रबराला चीर गेलेली असते आणि तिथून जास्तीची हवा आत शिरते.

चौथा गिअर:
मध्येच बोलतो. हाय ऑक्टेन भरल्यापासून माझ्या गाडीचा चढावरचा खडखडाट खरोखर थांबला. ते थोतांड आहे असं सरसकट म्हणू नये.

प्लगपाना:
थोतांड नाही, पण कशाचं औषध आहे ते समजून घ्या. ऑक्टेन आकडा म्हणजे पेट्रोलची नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून होणारा खडखडाट) सोसायची ताकद. त्यानं पॉवर वाढत नाही. तुमचा खडखडाट वरच्या गिअरमध्ये, कमी रेसवर, चढाला येत होता ना? ते नॉकिंगच. आता प्रश्न असा, की कंपनीनं सांगितलेल्या साध्या पेट्रोलवर गाडी नॉक का करते? जुन्या इंजिनात पिस्टनच्या माथ्यावर कार्बन साचतो, कॉम्प्रेशन वाढतं आणि तो तापून लाल होतो. किंवा मिश्रण लीन आहे. किंवा कॉइल पिकअपचं टायमिंग पुढे सरकलंय, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडते. हाय ऑक्टेननं आवाज दबला, कारण तसंच राहिलं. प्लग काढून बघा. पोर्सेलिन (प्लगच्या टोकाची चिनी माती) पांढरंफटक असेल, त्यावर बारीक फोड दिसत असतील, तर इंजिन नको तितकं तापतंय.

चौथा गिअर:
प्लग पांढराच आहे. पण पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलं असेल तरी नॉकिंग होतंच की.

फ्लोट बाऊल:
हेच मी म्हणणार होतो. रॉकेल पेट्रोलमध्ये पूर्ण विरघळतं, बाटलीत धरून काही दिसत नाही. ऑक्टेन पडतो, गाडी नॉक करते, धूर वाढतो. टॅपेट, यावर तुमचा पुरावा कसा काढायचा?

टॅपेट:
काढता येतो. पांढऱ्या फिल्टर पेपरवर एक थेंब टाका. चांगलं पेट्रोल बघता बघता उडून जातं, डाग राहत नाही. रॉकेल असेल तर तेलकट वर्तुळ रेंगाळतं. घनता मोजता आली तर आणखी चांगलं, कारण रॉकेल पेट्रोलपेक्षा जड असतं. मात्र तापमानाची दुरुस्ती केल्याशिवाय तो आकडा कुठे वापरू नका. इथेनॉल किती आहे तेही कळतं. मापाच्या काचनळीत ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घालून हलवा, स्थिर होऊ द्या. खालचा थर १९ मिलीच्या आसपास आला तर साधारण १० टक्के इथेनॉल आहे. हे सगळं मोकळ्या हवेत, ज्योतीपासून आणि गरम इंजिनापासून लांब.

आणि चौथा गिअर, रॉकेलनं सहसा प्लग काळा पडतो. तुमचा पांढरा आहे. मॅनिफोल्डचं रबर वाकवून चिरा शोधा.

फ्लोट बाऊल:
मग माझंच म्हणणं सिद्ध झालं. बाऊलच्या (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीच्या) तळाचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत पेट्रोल काढायला दोन मिनिटं लागतात. तळाशी पाण्याचे मणी आहेत का, गंजाचा चुरा आहे का, लगेच दिसतं. इंजिनातलं टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) तपासायला इंजिन थंड व्हायची वाट बघावी लागते, सीट-टाकी उतरवावी लागते. म्हणून संशय पहिला पेट्रोलवरच घ्यायचा.

प्लगपाना:
कार्ब्युरेटरला हे लागू. इंजेक्शनच्या (पेट्रोल पंपाच्या दाबानं फवारणाऱ्या) गाडीत बाऊलच नाही. तिथे टाकीतल्या पंपाची जाळी तुंबली की वरच्या रेसला गाडी अडखळते आणि सगळे इंजेक्टर साफ करत बसतात. आधी पेट्रोलचं प्रेशर मोजा. बऱ्याच गाड्यांत ते ३ बारच्या आसपास असतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा.

टॅपेट:
संशय पहिला पेट्रोलवर घ्या, त्याला माझी ना नाही. माझा विरोध बाटली न भरता निकाल देण्याला आहे. आणि बाटली स्वच्छ निघाली तर पेट्रोलला तिथेच सोडा. गाडी गरम झाल्यावर स्टार्ट होत नसेल तर पुढचा नंबर टॅपेट क्लिअरन्सचा (तिथल्या फटीचा), कारण तो कमी झाला की तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग, फिल्टर आणि पेट्रोल एकदम बदललंत तर नेमकं कशानं बरं झालं ते कधीच कळणार नाही.

चौथा गिअर:
रबर काढून पाहिलं. कार्ब्युरेटरच्या बाजूला खालून चीर आहे, वरून दिसतच नव्हती. नवीन बसवून साधं पेट्रोल भरतो आणि चढावर नेऊन आवाजाचं काय होतं ते इथे लिहितो.

फ्लोट बाऊल:
लिहा. पण बाऊलमधलं पेट्रोलही एकदा बाटलीत काढून बघा.