सरकारी शाळेचा निकाल आणि ‘भायल्यां’ची पोरं

मयेकार:
गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेबद्दल काल इथं कुणीतरी लिहिलं : “पटावर निम्म्याहून जास्त भायल्यांची, म्हणजे बाहेरच्या राज्यांतून आलेल्यांची पोरं, चौथीतल्याला धड वाचता येत नाही, असली शाळा चालवण्यापेक्षा बंद केलेली बरी.” वर शंभर अंगठे! दोन ओळींत उत्तर देऊन गप्प बसणार होतो, पण राहवेना.

गावची पोरं गेली कुठं, ते आधी सांगा. 1990 साली शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना ठरलं होतं की अनुदान कोंकणी-मराठी प्राथमिक शाळांनाच. 2011 ला मुख्यमंत्री दिगंबर कामतांनी इंग्रजीलाही दार उघडलं, त्यांच्यानंतरच्या पर्रीकरांनी पुढं चर्चच्या शाळांपुरतं ते उघडंच ठेवलं. त्यात गोव्याचा जननदर 2019-21 च्या पाहणीत बाईमागे 1.3 मुलं. मुळात पोरंच जन्मत नाहीत, आणि जन्मतात ती इंग्रजी केजीच्या रांगेत उभी. मग पट भरणार कोण? औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराची, बांधकामावरच्या गवंड्याची, कुळागर म्हणजे माड-पोफळीची बाग राखणाऱ्याची मुलं. त्यांच्यामुळे शाळेला कुलूप लागलं नाही. ज्याच्या घरी कन्नड किंवा भोजपुरी, तो तिसरीत मराठी धडा अडखळत का होईना वाचतो. माझ्या मते निकाल म्हणतात तो हाच.

सडेतोड:
ते मीच लिहिलं होतं, आणि आजही तेच म्हणतो. पुतण्याला हौसेनं सरकारी शाळेत घातला. बाई अर्धा तास एका पोराला ‘वही उघड’ म्हणजे काय ते हातवारे करून सांगायच्या, तोवर आमचा खिडकीबाहेर बघायचा. दिवाळीनंतर काढला. त्यानं काय पाप केलं होतं? माणुसकीची प्रवचनं बिनमुलांच्या माणसांना सुचतात.

मयेकार:
मला दोन मुली आहेत. दोघी गावच्याच शाळेत शिकल्या. आता बोला.

निवृत्त बाई:
सडेतोड, पुतण्याची तक्रार खोटी नाही. पण वर्गात काय असतं ते ऐका. दोन शिक्षिका, चार वर्ग. पहिली-दुसरी एका खोलीत. कायदा साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक देतो, मग ती मुलं चार भाषांची का असेनात. त्यातली एक बाई मतदारयाद्या घेऊन दारोदार. मुलं होळीला गावी जातात ती कधी पाडव्यानंतर उगवतात, कधी उगवतच नाहीत. दाखला न्यायलाही कुणी येत नाही, नाव मात्र पटावर. मग पाहणीवाले येतात आणि ‘गैरहजर’ म्हणजे ‘नापास’ धरून जातात.

माझ्याकडे झारखंडची एक मुलगी होती. ‘ळ’ काही केल्या येईना, ‘शाला’, ‘फला’. कन्नड घरातली तिची मैत्रीण मधल्या सुट्टीत पाव-भाजी खाता खाता तिची जीभ वळवून घ्यायची. ती शिकली. कुणी शिकवलं म्हणाल तर मी नाही.

सडेतोड:
गोड आहे गोष्ट. पुतण्याच्या गणिताचं काय?

फोंड्याची आई:
मी स्वतः मराठी शाळेतली. मुलगा इंग्रजीत घातला आणि मला लाज वाटत नाही. शाळेची बस दारात येते. सरकारी शाळेत सोडायचं तर मला कामावर खाडा.

पेडण्याचो बाबू:
बरोब्बर! बालरथ योजना! इतका वेळ कुणी बोललं कसं नाही? अनुदानित शाळांना बस, ड्रायव्हर, मदतनीस, सगळ्याला सरकारचे पैसे. आमच्या वाड्यावर ती पिवळी बस सरकारी शाळेच्या फाटकासमोर थांबते आणि तिथूनच पोरं भरून नेते! सरकार स्वतःच्याच शाळेची पोरं स्वतःच्याच पैशानं पळवतं. भायले बिचारे चालत येतात.

फोंड्याची आई:
मग बस बंद करा म्हणता? पावसात पाच वर्षांचं पोर चालवत नेऊन दाखवा.

पेडण्याचो बाबू:
बंद नको, सरकारी शाळेलाही द्या. तुम्हाला मिळाली की आमची आठवण कशाला येणार?

फोंड्याची आई:
‘तुम्हाला’ म्हणजे कुणाला? मी कर भरते. बस काही माझ्या माहेरहून आलेली नाही.

रोमीवालो:
मुळात सरकारी शाळा मराठीत कशाला? कोंकणी राजभाषा असताना…

निवृत्त बाई:
बाबा, तो राजभाषेचा वाद 1987 पासून चाललाय, आज राहू दे. बसचं बोला. शिक्षकांची मुलं कुठल्या बसमधून जातात तेही कुणी विचारा.

सडेतोड:
हां! आता आलात ठिकाणावर. सरकारी मास्तरांचीच पोरं इंग्रजीत. स्वतःच्या हाताखाली स्वतःचं पोर नको, आणि दुसऱ्याचं बिघडलं की भायल्यांकडे बोट.

मयेकार:
भायल्यांकडे बोट काल तुम्हीच केलं होतं. आज मास्तरांकडे वळलं, आनंद आहे. उद्या सरकारकडे वळेल.

सडेतोड:
टोमणे पुरे. मान्य, पोरांचा दोष नाही. खूष? पण मराठी न येणाऱ्यांना पहिले काही महिने वेगळं शिकवायला माणूस द्या, तरच त्यांचंही भलं आणि आमच्यांचंही. तो देत नसाल तर शाळा ‘वाचवली’ म्हणून मिरवू नका.

निवृत्त बाई:
शिक्षण हक्क कायद्यात वयानुसार वर्गात घेतलेल्या मुलाला खास प्रशिक्षण लिहिलेलंच आहे, 2009 पासून. माणूस तेवढा आला नाही. हे काल लिहिलं असतंत तर मीही अंगठा दिला असता.

पेडण्याचो बाबू:
रविवारी ग्रामसभा आहे. मी बालरथाचा ठराव मांडतोय, मराठी शिकवायला हवा तो माणूसही त्यातच घालतो. सडेतोड, अनुमोदक लागेल. येणार, की इथंच टंकणार?

सडेतोड:
किती वाजता?