पहिलीच मंत्रिमंडळ टिपणी लिहायची आहे, कुठून सुरुवात करू?

नवे_कार्यासन

नमस्कार. मंत्रालयात कक्ष अधिकारी म्हणून रुजू होऊन अकरा महिने झाले. शासन निर्णयांचे मसुदे, तारांकित प्रश्नांची उत्तरं आता अंगवळणी पडलीत. पण सोमवारी उप सचिव मॅडमनी एक नस्ती (फाईल) दिली आणि म्हणाल्या, "याची मंत्रिमंडळ टिपणी तुम्हीच करा."

योजना तालुक्याच्या ठिकाणी मुलींची वसतिगृहं सुरू करण्याची आहे. बांधकाम आहे, पदं आहेत, दरवर्षीचा खर्च आहे. नमुन्यादाखल दोन जुन्या टिपण्या मिळाल्या. एक आठ पानांची, दुसरी बावीस. पार्श्वभूमी नेमकी किती लिहायची तेच कळत नाही. वित्त विभागाने हरकत घेतली तर प्रस्ताव तिथेच संपतो का? आणि मान्यतांचा क्रम कसा असतो? तीन दिवस झाले, मी अजून प्रस्तावनेतच अडकलोय. मला हे काम नीट करायचं आहे, म्हणून विचारतोय.

जुनी_नस्ती

मी उप सचिव म्हणून निवृत्त झालो. प्रस्तावना सध्या बाजूला ठेवा आणि शेवटचा परिच्छेद आधी लिहा. "सबब, खालील प्रस्ताव मंत्रिमंडळाच्या मान्यतेसाठी सादर" याच्या खाली जे येतं, तीच खरी टिपणी. बाकी सगळं त्याच्या आधारासाठी.

असं का म्हणतो ते सांगतो. मी अवर सचिव असताना अशाच एका वसतिगृहाच्या योजनेची टिपणी माझ्या हातून गेली. परिच्छेद ५ मध्ये ३६ पदांचा तक्ता व्यवस्थित होता. शेवटच्या परिच्छेदात मात्र मी एवढंच लिहिलं की योजनेस मान्यता द्यावी. बैठकीत प्रस्ताव मंजूर झाला. इतिवृत्तात आलं, "योजनेस मान्यता देण्यात आली." पदांची फाईल पुढे गेली तेव्हा विचारणा आली की मंत्रिमंडळाने पदं कुठे मंजूर केली? विचारणाऱ्यांचं बरोबर होतं. दुसरी टिपणी करून पुन्हा मंत्रिमंडळापुढे जायला सात महिने गेले. मधल्या काळात मी एका ठिकाणी पाहणीला गेलो होतो. इमारत तयार, खाटा आलेल्या, गाद्यांवरचं प्लास्टिक तसंच, आणि दाराला कुलूप. गृहपालच नव्हती, तर मुली ठेवणार कुणाच्या भरवशावर? ते कुलूप मला अजून दिसतं.

म्हणून शेवटच्या परिच्छेदात प्रत्येक गोष्ट सुटी मागा. योजना, पदं, आवर्ती म्हणजे दरवर्षीचा खर्च, अनावर्ती म्हणजे एकदाच होणारा खर्च, कोणत्या दिनांकापासून, नियम शिथिल करायचा असेल तर कोणता. इतिवृत्तात हेच शब्द उतरतात आणि शासन निर्णयातही.

आता क्रम. आमच्या काळी १९७५ची शासन कार्यनियमावली टेबलावर असायची. तिच्या दुसऱ्या अनुसूचीत मंत्रिमंडळापुढे न्यायची प्रकरणं दिलेली होती. तुमचा विषय कोणत्या नोंदीखाली येतो ते आधी सध्याच्या नियमावलीत बघा आणि टिपणीत लिहा. मग विभागाचे सचिव आणि मंत्री यांच्या मान्यतेने प्रारूप टिपणी संबंधित विभागांकडे अभिप्रायासाठी जाते. पैसा आहे म्हणजे वित्त आणि नियोजन. कायदा किंवा नियम आला की विधी व न्याय. सेवाविषयक बाब असली की सामान्य प्रशासन. अभिप्राय आले की टिपणीत घ्यायचे, त्यावर विभागाचं म्हणणं द्यायचं, आणि मग मुख्य सचिवांमार्फत मुख्यमंत्र्यांकडे. त्यांनी विषय मंत्रिमंडळासमोर ठेवण्यास मान्यता दिली की तो कार्यसूचीवर येतो.

पार्श्वभूमी किती? बैठकीला बसलेले बहुतेक मंत्री दुसऱ्या खात्यांचे असतात, त्यांनी तुमची नस्ती कधी पाहिलेली नसते. त्यांना निर्णय घ्यायला जेवढं लागेल तेवढंच. बावीस पानांची टिपणी बाजूला ठेवून द्या. "पताका 'अ' कृपया पाहावी" (पताका म्हणजे पानाला लावलेली खुणेची चिठ्ठी), "पृष्ठ ४५/प.वि." (नस्तीतल्या पत्रव्यवहाराचं पान) ही भाषा नस्तीवर ठीक आहे. मंत्रिमंडळात नस्ती सगळ्यांसमोर नसते, तिथे पताका कोण बघणार? जे महत्त्वाचं ते टिपणीतच हवं किंवा सोबतच्या जोडपत्रात.

लेखाशीर्ष

मी वित्त विभागात काम करतो. हरकत आली म्हणजे प्रस्ताव संपला असं नाही. आमची असहमती असूनही विभाग मंत्रिमंडळापुढे जाऊ शकतो, पण आमचे अभिप्राय टिपणीत शब्दशः हवेत. "वित्त विभागाने काही मुद्दे उपस्थित केले आहेत" असं गुळमुळीत लिहू नका. आमचं वाक्य द्या, खाली तुमचं उत्तर द्या. शेवटी निर्णय मंत्रिमंडळाचा.

आमच्या टेबलावर सर्वात जास्त वेळ जातो तो आकडे जुळवण्यात. परिच्छेदात एक रक्कम, जोडपत्रात दुसरी. पहिल्या वर्षाचा खर्च असतो, पुढच्या वर्षांचा नसतो. वसतिगृहाची इमारत एकदाच बांधायची, पण भोजन, वीज, वेतन कायमचं आहे. ते आम्ही विचारणारच, कारण पुढच्या प्रत्येक अर्थसंकल्पात ते आम्हाला धरावं लागतं. लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पात हा खर्च ज्या शीर्षाखाली पडतो ते, लिहा. अर्थसंकल्पात तरतूद आहे की पुरवणी मागणी (वर्षाच्या मध्येच विधिमंडळाकडे जादा निधीची मागणी) लागेल ते लिहा. आणि नवीन पदं असतील तर ती तपासणाऱ्या उच्चस्तरीय सचिव समितीचा टप्पा आधी पूर्ण करा, नाहीतर नस्ती परत येईल आणि तुमचा महिना जाईल.

पायवाट

मी शासनात नाही, नंदुरबार जिल्ह्यात मुलींच्या शिक्षणाचं काम करते. एक विनंती. टिपणीत "विद्यार्थिनींची गैरसोय होते" एवढंच लिहू नका. गावाकडे जाणारी शेवटची एस.टी. किती वाजता सुटते ते लिहा. आमच्याकडे बारावीच्या मुली शेवटचा तास सोडून पळत स्टँड गाठतात. ती गाडी चुकली तर घरचे दुसऱ्या दिवशी कॉलेजला पाठवत नाहीत. आणि या टिपण्या आम्हाला वाचायला मिळतात का?

जुनी_नस्ती

ताई, निर्णय होईपर्यंत टिपणी गोपनीय असते. माहिती अधिकार अधिनियम २००५च्या कलम ८(१)(आय)मध्ये मंत्रिमंडळाच्या कागदपत्रांना सूट आहे. पण त्याच कलमात पुढे म्हटलंय की निर्णय झाला आणि विषय पूर्ण झाला की निर्णय, त्याची कारणं आणि ज्या आधारावर तो घेतला ती सामग्री जाहीर करावी. अर्थात कलम ८मधल्या इतर अपवादांत ती येत नसेल तर. निर्णयानंतर अर्ज करा आणि हे कलम अर्जात लिहा. एस.टी.चं तुम्ही अगदी योग्य सांगितलंत. दोन-तीन तालुक्यांच्या अशा वेळा आगाराकडून लेखी घेऊन जोडपत्रात लावता येतील.

नवे_कार्यासन

सर, शेवटचा परिच्छेद आधी लिहिला. सहा बाबी झाल्या. मग नस्ती पुन्हा चाळली, तर पदांमध्ये रात्रपाळीची महिला पहारेकरी कुठेच नव्हती. ना तक्त्यात, ना खर्चात. मॅडमना दाखवलं. त्यांनी संचालनालयाकडून सुधारित तक्ता मागवायला सांगितलाय, तो आल्यावरच सचिव समितीकडे जाऊ. ताई, चार आगारांना आजच पत्रं गेली.