वजन न वाढताही थायरॉइड असू शकतो

वजन वाढलेलं नाही, तरी थायरॉइड (म्हणजे गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावण्याचा आजार) असू शकतो का, असं कुणीतरी विचारलंय. नक्कीच असू शकतो. माझ्या सासूबाई बारीकच. त्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, पथ्य कडक पाळलं, तरी आकडा हलेना. आवाज घोगरा झाला होता, तो आम्ही सर्दीवर ढकलला. भर मे महिन्यात पंखा बंद करायला सांगायच्या, ते वयावर. शेवटी डॉक्टरांनी गुडघ्याखाली हातोडी मारून पाहिली. पाय वर उडाला, पण खाली यायला फार वेळ लागला. ही थायरॉइड मंदावल्याची खूण, म्हणून त्यांनी लगेच टीएसएच (ग्रंथी मंदावली की रक्तात वाढणारं हार्मोन) तपासायला लावला आणि तो भरपूर वाढलेला आला. थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर कोलेस्टेरॉलही उतरलं. कोलेस्टेरॉल वाढलं की टीएसएच बघायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

मात्र टीएसएच 5-6, म्हणजे थोडासाच वाढलेला आला म्हणून लगेच घाबरू नका. आजारपणातही तो तात्पुरता हलतो. साधारण दोन-तीन महिन्यांनी फ्री टी4सोबत (थायरॉइड ग्रंथीच्या हार्मोनची रक्ततपासणी) पुन्हा करतात. अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्ध शरीरात तयार होणाऱ्या अँटीबॉडीजची तपासणी) पॉझिटिव्ह असेल तर पुढे त्रास वाढण्याची शक्यता जास्त. गरोदर असाल तर मात्र थांबू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक, केस गळतात म्हणून बायोटिन या व्हिटॅमिनच्या गोळ्या घेणाऱ्या बऱ्याच जणी असतात. बायोटिनमुळे काही लॅबच्या पद्धतीत टीएसएच खोटा कमी दिसतो, त्यामुळे खरा आजार झाकला जाऊ शकतो. रक्त द्यायच्या निदान दोन दिवस आधी ती बंद ठेवा, डोस मोठा असेल तर किती दिवस ते डॉक्टरांना विचारा.