गवत कापण्याआधी मागची जागा कशी साफ करता? (पातं वाकलं, सल्ला हवा)

मोंढ्यामागचा
नमस्कार मंडळी. परभणीत घर आहे, मागं दोनेक गुंठे मोकळी जागा. तीन वर्षांपूर्वी बांधकाम झालं तेव्हा राडारोडा नीट उचललाच नाही, वरून काळी माती लोटली आणि विषय संपवला. यंदा गवत कमरेला लागलंय. हराळी, कुंदा, तरोटा, गाजरगवत, सगळे हजर. मेव्हण्यानं त्याचं जुनं पेट्रोलवरचं ढकलायचं मशीन दिलं. रविवारी जोशात सुरू केलं, दहाव्या मिनिटाला खाडकन आवाज, बंद! मातीतून वीतभर गज वर आलेला. पातं वाकलं, आणि आता दोरी ओढली की उलटा झटका बसतो, चालू काही होत नाही. त्याआधी एक खडी उडून शेजारच्या काकूंच्या न्हाणीची काच गेली ती वेगळीच. पुढच्या आठवड्यात महालक्ष्म्या बसणार, आई रोज विचारतीय. मशीन दुरुस्त होईल का? आणि आधी जागा साफ कशी करायची?

दहाचा पाना
आधी प्लगची वायर काढून बाजूला ठेवा, मगच पात्याला हात लावा. उलटा झटका म्हणताय तर बहुतेक फ्लायव्हीलची, म्हणजे इंजिनावरच्या जड चाकाची, चावी तुटली. बोटाच्या पेरापेक्षा लहान, मऊ धातूचा तुकडा असतो. तो तुटतो म्हणून शाफ्ट, म्हणजे पातं फिरवणारा दांडा, वाचतो. तो सरकला की ठिणगी भलत्याच वेळेला पडते. स्वस्तातलं काम आहे.
शाफ्ट वाकला असेल तर मात्र अवघड. मशीन आडवं करा, एअर फिल्टर वरच्या बाजूला राहील असं, नाहीतर ऑइल त्यात जातं. पातं हातानं हळूहळू फिरवा आणि मधल्या बोल्टकडे बघा. बोल्ट जागेवरच फिरला तर ठीक, डोलला तर वाकला समजा. वाकलेलं पातं ठोकून सरळ करून वापरू नका, नवंच घ्या.

येळवस लातूर
गज एकच होता म्हणून सुटलात. आमच्याकडं खरा त्रास बायंडिंग तारेनं, म्हणजे गज बांधायच्या बारीक तारेनं दिला. दगड दिसतो, पायाला लागतो. तार गवतात गवतासारखीच पडलेली असते, आणि पात्याच्या मुळाशी गुंडाळली की सोडवताना जीव जातो. जुन्या स्पीकरचं चुंबक काठीला बांधून जमिनीलगत फिरवा. खिळे, तारेचे तुकडे बादलीभर निघतील.
कमरेएवढ्या गवतात साफसफाई होत नसते. आधी विळ्यानं घोट्याच्या वर चार बोटं ठेवून कापून घ्या. मग दाताळ्यानं ओढा, पहिल्यांदा उभं, मग आडवं. जे निघणारच नाही, म्हणजे चेंबरचं झाकण, नळाचा कॉक, खोल गाडलेला गज, तिथं काठीला लाल फडकं बांधून रोवा. मशीन त्यानंतर, आणि पहिला हात पातं सगळ्यात वर ठेवून.
एकदा वेचलं म्हणजे झालं असंही नाही हं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि दरवर्षी खालचे दगड वर ढकलते.

आखाड्यावरचा
कशाला एवढा कुटाणा? चार शेळ्या सोडा दोन दिवस. पेट्रोल बी वाचतंय.

मोंढ्यामागचा
दादा, शेळ्या गाजरगवताला तोंड लावत नाहीत, आईची गुलबक्षी मात्र ठेवणार नाहीत.

आखाड्यावरचा
हे बी खरंय. मग गाजरगवत पाऊस झाल्यावर मुळासकट उपटा, फुलाला यायच्या आत. हातमोजे घाला, अंगाला खाज सुटती.

गोदाकाठ
विटांचा ढीग असेल तर हातानं उचलू नका. काठीनं आधी हलवा, बूट घाला. मागच्या वर्षी आमच्या ढिगाखाली घोणस निघाली, सर्पमित्राला बोलवावं लागलं. आणि कापताना लेकरं, माणसं, गाड्या किमान १५ मीटर लांब. पट्ट्यानं खांद्याला लावायचं ग्रास कटर असेल तर हे जास्तच पाळा, त्याला खडी अडवायला खाली डबा नसतो. डोळ्याला चष्मा पाहिजेच.

मोंढ्यामागचा
मंडळी, काम झालं. चावीच तुटली होती, शाफ्ट सरळ निघाला. पातं नवीन टाकलं. दोन सकाळी मी, बायको आणि पुतण्या मिळून वेचलं: घमेलंभर गिट्टी, सात खिळे, एक तुटकी थापी, ठिबकच्या नळीचे तुकडे, आणि तार विचारूच नका. पुतण्यानं चुंबकाची काठी ताब्यात घेतली, आता गल्लीभर फिरवतोय. दोन गज खोल आहेत, त्यांना फडकं बांधलंय, दिवाळीत ग्राइंडरनं कापीन. पावसानं माती चिकट झालीय, दोन दिवस ऊन पडलं की मशीन घालतो. काकूंच्या काचेचं माप घेऊन आलोय, काचवाल्याकडं निघालो.