नेपाळच्या खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीकडे (चर्चकडे) सेवेला टीम न्यायची आहे, काय काय पाहावं लागेल?

सदरचा_तरुणसंघ
सलाम सगळ्यांना. आमचा तरुण संघ दिवाळीच्या सुट्टीत नेपाळला जायचं म्हणून राहिला, पाल्पा जिल्ह्यातलं डोंगरावरचं गाव आहे, तिथले पाळक (पास्टर) नागपूरला कन्व्हेन्शनला आले होते तेव्हाची ओळख. मंडळी अगदी छोटी, पत्र्याचं छप्पर. आमचे पोट्टे खूप जोशात आहेत, कोणी म्हणते मेडिकल कॅम्प घेऊ, कोणी म्हणते भिंती रंगवू, कोणी म्हणते चौकात नाटक करून सुवार्ता सांगू. आणि मंडळीतले एक काका म्हणतात एवढं भाडं घालवण्यापेक्षा पैसेच पाठवून द्या. कोणी जाऊन आलं असेल तर सांगा, नेमकं काय करावं?

मानकापूर_ताई
चौकातलं नाटक आधी डोक्यातून काढा. नेपाळच्या २०१५ च्या संविधानातच दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे आणि २०१७ च्या फौजदारी संहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाली की देशाबाहेर काढतात. तुम्ही चार दिवसांत परत याल पण चौकशी त्या पाळकाच्या घरी येईल, त्याच्या बायकोपोरांना गावात राहायचं आहे. बाप्तिस्म्याचे, प्रार्थनेचे फोटो गावाच्या नावासकट फेसबुकवर टाकू नका, एवढं तरी नक्की पाळा.

बाकी जा, जरूर जा. माझं जाणं झालं आहे तिकडच्या मंडळ्यांत. भक्ती शनिवारी असते, सुट्टीचा दिवस तोच, त्यामुळे शनिवार धरूनच प्लॅन करा. चपला बाहेर, खाली गुंद्रीवर म्हणजे गवताच्या चटईवर बसायचं, बाया एकीकडे माणसं एकीकडे, मादल म्हणजे त्यांचा ढोल वाजतो आणि गाणं सुरू झालं की थांबतच नाही. बरीच तरणी माणसं आखातात नाहीतर मलेशियाला कामाला, म्हणून मंडळी खरं म्हणजे बायाच चालवतात, तर आपल्या टीममध्ये बायामुली हव्यातच, नाहीतर घरात जाऊन बोलणार कोण?

बर्डीवाला
जायचा रस्ता सांगतो. राप्तीसागर एक्स्प्रेस नागपूरहून सरळ गोरखपूरला जाते, तिथून बसने सोनौली, बॉर्डर पायी ओलांडायची, मग भैरहवा, बुटवल आणि वर तानसेन, पाल्पाचं मुख्य गाव. लुंबिनीला जाणाऱ्या आपल्याकडच्या लोकांचाही हाच रस्ता, म्हणून माहितगार माणूस ओळखीत सहज भेटेल. व्हिसा लागत नाही पण पासपोर्ट नाहीतर व्होटर आयडी जवळ ठेवा, आधारच्या भरोशावर राहू नका. आपल्या १०० रुपयांचे त्यांचे १६० होतात. गावात यूपीआय चालेलच असं नाही, कॅश ठेवा.

आणि दिवाळीत काहून जाता? तेव्हा त्यांचा तिहार म्हणजे तिकडची दिवाळी असते, बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, त्यात धान कापणीला आलेलं. तुमच्यासाठी भात रांधायला कोणी शेत सोडून घरी बसावं का? पावसाळ्यात तर दरडी कोसळतात. मार्चमध्ये परीक्षा झाल्या की जा.

रिटायर्ड_सिस्टर
मेडिकल कॅम्पबद्दल थोडं मनापासून सांगते, आयुष्य वॉर्डात गेलं आहे माझं. परक्या देशात डॉक्टरला तिथल्या मेडिकल कौन्सिलची परवानगी लागते, आणि तुम्ही बीपीची गोळी एक महिन्याची देऊन निघून आलात तर पुढच्या महिन्यात त्या आजीनं काय करायचं? तानसेनला १९५४ पासून मिशन हॉस्पिटल आहे, तिथं विचारा, गावातल्या कोणाला तपासायला न्यायचं असेल तर गाडीभाडं द्या, सोबत बसा, रांगेत उभं राहा. तेवढं केलं तरी खूप झालं.

पैसेच पाठवा म्हणणारे काका चुकीचं नाही बोलत, छपराचं काम असेल तर पैसे पाठवा आणि गावचाच मिस्त्री लावा, त्याच्या घरात चूल पेटेल. पण एवढ्याशा मंडळीला कोणीतरी दोन दिवस प्रवास करून भेटायला येते, त्यांच्या आजाऱ्याजवळ बसून प्रार्थना करते, याचं बळ मनीऑर्डरने नाही जात हो. त्या पाळकांना सरळ विचारा तुम्हाला काय पाहिजे, आणि ते संकोचानं काहीही चालेल म्हणाले तर पुन्हा विचारा.

सदरचा_तरुणसंघ
सगळ्यांचे खूप आभार, नाटक आणि कॅम्प दोन्ही कॅन्सल. काल रात्री पाळकांना फोन लावला, पहिले म्हणाले फक्त या, मग सिस्टर म्हणाल्या तसं पुन्हा विचारलं तर म्हणाले मुलांना गणित शिकवणारं कोणी आणा आणि बायांच्या बचत गटाचा हिशेब कोणी नीट लावून द्या. आमच्यात दोन शिक्षिका आणि एक बँकवाला आहे! मार्चच्या शेवटी जायचं ठरलं, छपराचे पैसे आधीच पाठवून देऊ. लिपी आपलीच आहे म्हणून तिथे एखादा उतारा नेपाळीतून वाचावा असं पोरींच्या मनात आहे, नागपुरात कोणाकडे नेपाळी बायबल असेल तर प्लीज कळवा.