मदत हवी आहे: माझा भूदास पळावा की राहावा?

एकांकिका लिहितेय. इंग्लंड, 1352. प्लेगने मजूर उरले नाहीत, तरी 1351 च्या कायद्याने मजुरी साथीआधीच्या दरालाच बांधलेली. नायक भूदास, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेला शेतकरी; कारभाऱ्याचा मार खातो. बाप गेला तेव्हा गोठ्यातला सगळ्यात चांगला बैलही जमीनदाराने नेला. सनदी शहरात (स्वतःचा कारभार पाहण्याची सनद मिळालेल्या शहरात) वर्ष आणि एक दिवस कुणी हक्क न सांगता काढला की मुक्ती, इथवर वाचलंय. दोन खर्डे झाले: एकात पळतो, एकात राहतो. पहिला जरा फिल्मीच झालाय. सोबत बायको, तान्हं मूल, म्हणून जंगल बाद. बंडही नको, शेतकऱ्यांचं मोठं बंड 1381 चं. अडलंय इथे: जमीन सोडून शहरात तो वर्षभर पोट कशावर भरेल, की जास्त मजुरी देणाऱ्या दुसऱ्या जमीनदाराकडे जाणंच खरं वाटेल?