चालू सर्व्हरवर आधी काय लावावे : स्ट्रेस की पर्फ ट्रेस?

धागाकर्ता : पहारेकरी

सर्व्हर मंदावतो, लॉगमध्ये वावगे काही दिसत नाही, आणि कुणीतरी प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रामचा, क्रमांक शोधून तिला स्ट्रेस (strace, प्रोसेसच्या हालचाली टिपणारे लिनक्सचे साधन) जोडून मोकळा होतो. ही सवय मोडायला हवी, असे माझे ठाम मत आहे. प्रत्यक्ष भार वाहणाऱ्या प्रोसेसचे सिस्टीम कॉल (कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे, केलेल्या मागण्या) पाहायचे असतील, तर पहिले साधन पर्फ ट्रेस (perf trace) असावे. स्ट्रेस चाचणीच्या मशीनवर खुशाल वापरावे.

माझा आक्षेप स्ट्रेसच्या मूळ रचनेवर आहे. ते पीट्रेस या, एका प्रोसेसला दुसरी थांबवून तपासू देणाऱ्या, सिस्टीम कॉलवर उभे आहे. निरीक्षणाखालची प्रोसेस कर्नलमध्ये शिरताना एकदा थांबते आणि बाहेर पडताना पुन्हा थांबते. प्रत्येक थांब्यावर कर्नल स्ट्रेसला जागे करतो, स्ट्रेस कॉलचा तपशील विचारून घेते, लागल्यास प्रोसेसच्या मेमरीतून फाइलचे नाव उचलते, आणि मगच प्रोसेसला पुढे जाऊ देते. याची किंमत कुणालाही आपल्या मशीनवर पाहता येईल. डीडी या कमांडने शून्यांच्या डिव्हाइसमधून नल डिव्हाइसमध्ये एकेक बाइट ५ लाख वेळा लिहायला सांगा. ५ लाख रीड आणि ५ लाख राइट मिळून १० लाख कॉल होतात, म्हणजे स्ट्रेसखाली २० लाख थांबे. एरवी चुटकीसरशी संपणारे काम डोळ्यांदेखत रेंगाळते.

यात आणखी एक मेख आहे. याच डीडीवर फक्त ॲक्सेप्ट कॉल (जोडणी स्वीकारणे, जे डीडी करतच नाही) दाखवण्याची गाळणी लावली, तर पडद्यावर एकही कॉल उमटत नाही, पण डीडी रखडायचे ते रखडतेच, कारण आधी प्रोसेस थांबते आणि नंतर स्ट्रेस ठरवते की हा कॉल आपल्या कामाचा नाही. यावर २०१९ मध्ये स्ट्रेसच्या आवृत्ती ५.३ मध्ये सेकॉम्प-बीपीएफचा (कर्नलमधल्या कॉल-गाळणीचा) पर्याय आला, जो ही निवड कर्नलमध्येच करतो. मात्र आधीपासून चालू असलेल्या प्रोसेसला क्रमांकाने जोडून घेतल्यास तो लागू पडत नाही. म्हणजे नेमकी जिथे गरज आहे तिथेच तो हात वर करतो.

पर्फ ट्रेस २०१२ मध्ये लिनक्स ३.७ सोबत आले. कॉलमध्ये शिरताना आणि बाहेर पडताना कर्नलमध्ये जे ट्रेसपॉइंट (नोंद घेण्याच्या ठरलेल्या जागा) आहेत, त्यांवरून ते नोंदी एका चक्राकार बफरमध्ये टाकत जाते आणि वाचणारा आपल्या गतीने वाचतो. प्रोसेसला त्याच्यासाठी थांबावे लागत नाही. अमुक मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ घेतलेले कॉलच दाखव, असे सांगता येते. सारांश मागितला, तर प्रत्येक कॉलची संख्या, चुका, किमान, सरासरी आणि कमाल वेळ समोर येतो. मंदपणाच्या तक्रारीत पहिल्या पाच मिनिटांना याहून अधिक काय लागते, ते विरोधकांनी सांगावे.

प्रतिसाद : रात्रपाळी

असहमत. आपण खर्चाचा हिशेब मांडला, पण तो केवळ टोकाच्या उदाहरणावर मांडला. एकेक बाइट वाचणारा डीडी हा असा प्रोग्राम आहे, ज्याला सिस्टीम कॉल करण्यापलीकडे दुसरे कामच नाही. स्ट्रेसचा भार कॉलच्या दराप्रमाणे वाढतो. ज्या प्रोसेसचा बहुतेक वेळ डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहण्यात जातो आणि जी सेकंदाला मोजके कॉल करते, तिला हे थांबे जाणवतही नाहीत. सरसकट बंदी घालण्याऐवजी दर मोजून निर्णय घेणे शहाणपणाचे.

दुसरे, आपण ज्या बफरचे कौतुक केले, तो भरतो. वाचणारा मागे पडला की पर्फ ट्रेस ‘लॉस्ट’ अशी ओळ छापून इतक्या नोंदी हरवल्या असे सांगते आणि पुढे जाते. नोंदी हरवतात त्या कधी, तर कॉलचा लोंढा येतो तेव्हा. आणि बिघाडही बहुधा त्याच लोंढ्यात दडलेला असतो. स्ट्रेस प्रोसेसला थांबवते म्हणूनच स्ट्रेसच्या हातून एकही कॉल निसटत नाही.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एखादी सेवा सुरू होताच ‘कॉन्फिगरेशन उपलब्ध नाही’ एवढेच पुटपुटून बंद पडते. स्ट्रेसमध्ये ओपनॲट या फाइल उघडणाऱ्या कॉलच्या चार ओळी एकाखाली एक दिसतात. पहिल्या तिन्हींत वेगवेगळे मार्ग आणि शेवटी ‘एनोएंट’, म्हणजे फाइलच नाही. चौथ्या ओळीत मार्ग बरोबर, पण शेवटी ‘ईॲक्सेस’, म्हणजे फाइल आहे आणि वाचायची परवानगी नाही. निदान तिथेच संपते. कर्नलमधल्या त्या ट्रेसपॉइंटला मात्र फाइलचे नाव मिळत नाही, मेमरीतला पत्ता मिळतो. त्या पत्त्यावरचा मजकूर आणायला पर्फ ट्रेसला बीपीएफचा (कर्नलच्या आत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा) आधार घ्यावा लागतो, आणि ते पान त्या क्षणी मेमरीत हजर नसेल, तर नावाची जागा रिकामी राहते. नाव नसलेली ‘फाइल सापडली नाही’ ही ओळ घेऊन मी काय करू?

पहारेकरी

हरवलेल्या नोंदींबद्दल: पर्फ ट्रेस त्यांची संख्या उघडपणे सांगते, बफरची पाने वाढवता येतात, आणि केवळ सारांश किंवा ठरावीक कॉल मागितले, तर पडद्यावर ओळी ओतण्याचे काम हलके होऊन वाचणारा मागे पडण्याची शक्यता कमी होते. स्ट्रेसच्या नोंदीत एकही कॉल गळत नाही हे खरे, पण ती नोंद कशाची असते? थांबत थांबत चाललेल्या प्रोसेसची. दोन थ्रेडमधील (एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणाऱ्या कामांमधील) शर्यतीमुळे येणारी चूक स्ट्रेस लावताच गायब होते, आणि एरवी वेळेत येणारे उत्तर उशिरा आल्याने समोरची बाजू जोडणी तोडते. तेव्हा आपण जे पूर्ण चित्र पाहतो, ते मुळात घडलेल्या प्रकाराचे नसतेच.

चार ओपनॲटचे आपले उदाहरण मला मान्य आहे, पण ती सेवा तर सुरू होतानाच मरते आहे. तिच्यावर कुणाचा भार नाही. माझा प्रस्ताव भार वाहणाऱ्या प्रोसेसपुरता आहे, हे पहिल्याच परिच्छेदात लिहिले होते.

प्रतिसाद : अर्धविराम

दोघेही एक गोष्ट गृहीत धरून भांडत आहात, की मंदपणाचे उत्तर सिस्टीम कॉलमध्येच आहे. प्रोसेस प्रोसेसरवर धावते आहे की कशाची तरी वाट पाहते आहे, हे आधी ठरवले नाही, तर दोन्ही साधने सारखीच दिशाभूल करतात.

स्ट्रेसचा ‘-सी’ हा सारांश अनेक जण डोळे मिटून वाचतात. त्यातला वेळ हा कॉलसाठी कर्नलमध्ये खर्च झालेला प्रोसेसरचा वेळ असतो, घड्याळातला नव्हे. फ्युटेक्सवर, म्हणजे कुलूप सुटण्याची वाट पाहत, २ सेकंद झोपून राहिलेला थ्रेड या तक्त्यात जवळपास निर्दोष ठरतो आणि खालच्या ओळीतल्या किरकोळ रीडवर आळ येतो. सोबत ‘-डब्ल्यू’ दिले, तरच घड्याळाचा वेळ मोजला जातो. तो पर्याय न देता काढलेल्या तक्त्यावरून झालेल्या चर्चा मी भरपूर ऐकल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक व्यर्थ होत्या.

शिवाय कितीतरी गोष्टी कॉलच्या यादीत येतच नाहीत. वेळ विचारणारा क्लॉक-गेटटाइम सहसा व्हीडीएसओमधून, म्हणजे कर्नलमध्ये न शिरताच, उत्तर मिळवतो. मेमरीत मॅप केलेली फाइल वाचताना रीड होत नाही, पेज फॉल्ट (मेमरीत हजर नसलेले पान मागणे) होतात. ते पर्फ ट्रेसला वेगळे सांगून दाखवता येतात, स्ट्रेसला नाही. आणि २०१९ मध्ये लिनक्स ५.१ मध्ये आलेल्या आयओ-युरिंगवर बेतलेला प्रोग्राम असेल, तर वाचन-लेखनाच्या मागण्या सामाईक रांगेत ठेवल्या जातात आणि स्ट्रेसमध्ये फार तर आयओ-युरिंग-एंटरच्या ओळी दिसतात. कोणत्या फाइलवर काय चालले आहे, याचा त्यातून पत्ता लागत नाही.

म्हणून माझा क्रम वेगळा आहे. आधी पर्फ स्टॅटने प्रोसेस कितपत प्रोसेसर वापरते ते पाहावे. वापर जास्त असेल, तर पर्फ रेकॉर्डने सेकंदाला ९९ नमुने कॉल-साखळीसह (कोणत्या फंक्शनने कोणते बोलावले) घ्यावेत. फेडोरा ३८ आणि उबंटू २४.०४ पासून पॅकेजे फ्रेम पॉइंटर (या साखळीच्या कड्या जोडणारे पत्ते) राखून बांधली जात असल्याने ही साखळी पूर्वीसारखी अर्ध्यावर तुटत नाही. वापर कमी आणि उत्तर उशिरा, असे असेल, तरच सिस्टीम कॉलकडे वळावे.

रात्रपाळी

क्रम तर्कशुद्ध आहे, पण व्हर्च्युअल मशीनवर तो पहिल्याच पायरीला लंगडतो. सायकल आणि इन्स्ट्रक्शन यांचे आकडे मागितले, की अनेक ठिकाणी ‘नॉट सपोर्टेड’ असे उत्तर येते, कारण हे मोजणारे प्रोसेसरमधले हार्डवेअरचे काउंटर आतल्या मशीनला दिलेलेच नसतात. खऱ्या हार्डवेअरवरही काउंटरपेक्षा जास्त घटना मागितल्या, तर ते आळीपाळीने वापरले जातात आणि दिसणारा आकडा अंदाजाने वाढवलेला असतो. शेजारी छापलेली टक्केवारी कुणी बघत नाही.

अर्धविराम

बरोबर, पण मी सायकल मागितल्याच नव्हत्या. प्रोसेसने किती वेळ प्रोसेसर वापरला, हा आकडा कर्नल स्वतः मोजतो. त्याला हार्डवेअर काउंटर लागत नाही. नमुन्यांसाठीही सायकलऐवजी सीपीयू-क्लॉक ही सॉफ्टवेअर घटना चालते. अचूकता थोडी कमी होते, काम अडत नाही.

प्रतिसाद : शून्यप्रक्रिया

बीपीएफवर चालणाऱ्या बीपीएफट्रेस या साधनाचे नाव अजून कुणी घेतले नाही, याचे आश्चर्य वाटते. कॉलच्या नावानुसार मोजणी कर्नलमध्येच करून शेवटी फक्त बेरीज बाहेर आणली, तर एकेक नोंद बफरमधून वाहून आणण्याचा प्रश्नच उरत नाही. उशिराचे वितरणही तिथेच तयार होते. मात्र त्याची छोटी भाषा शिकावी लागते, आणि अडचणीच्या रात्री ती शिकायला बसू नये.

जाता जाता, स्ट्रेसची एक करामत पर्फ ट्रेसला जमत नाही. २०१६ च्या अखेरीपासून ते एखादा कॉल मुद्दाम अपयशी करू शकते: तिसऱ्या राइटला ‘डिस्क भरली’ असे उत्तर दे, आणि प्रोग्राम काय करतो ते बघ. हे अर्थातच चाचणीच्या मशीनवर. तिथून स्ट्रेस कुणी हलवू नये.

पहारेकरी

चर्चेनंतर माझा नियम असा बदलतो. आधी पर्फ स्टॅटने सिस्टीम कॉलचे ट्रेसपॉइंट दहा सेकंद नुसते मोजावेत. ही मोजणी स्वस्त पडते आणि रात्रपाळी यांना हवा असलेला दर तिच्यातूनच मिळतो. दर किरकोळ असेल आणि कॉलमधला मजकूर खरोखर लागणार असेल, तर स्ट्रेस काही सेकंदांपुरते जोडावे आणि निष्पत्ती फाइलमध्ये घ्यावी. दर मोठा असेल, तर पर्फ ट्रेस. दर न मोजता स्ट्रेस जोडण्यास माझा विरोध कायम आहे.

रात्रपाळी

दर मोजण्याची अट मान्य. पण अधिकारांचे काय? ट्रेसपॉइंटची माहिती ज्या ट्रेसएफएसमध्ये (कर्नलच्या खास फाइल-व्यवस्थेत) असते, ते सहसा फक्त रूटला (सर्वाधिकारी खात्याला) वाचता येते. पर्फ कुणाला किती वापरता येईल हे ठरवणाऱ्या पर्फ-इव्हेंट-पॅरनॉइडचे मूल्य मुळातच २, म्हणजे कडक, असते. कंटेनरमध्ये तर डॉकरची नेहमीची सेकॉम्प यादी (परवानगी असलेल्या कॉलची) पर्फ ज्यावर उभे आहे तो पर्फ-इव्हेंट-ओपन हा कॉलच अडवते. रात्री कामावर असलेल्या माणसाकडे सेवेचे खाते असते, रूट नसतो. तुमचा नियम त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

पहारेकरी

त्याच्या हातात स्ट्रेस तरी कुठे आहे? यामा या कर्नलमधल्या सुरक्षा-मॉड्यूलचे पीट्रेस-स्कोप १ असेल, आणि उबंटूमध्ये ते तसेच असते, तर आपल्याच खात्याच्या चालू प्रोसेसलाही स्ट्रेस जोडता येत नाही. पर्फसाठी निदान लिनक्स ५.८ पासून कॅप-पर्फमॉन हा वेगळा अधिकार आहे. ट्रेसएफएस वाचण्याची सोय करून तो दिला, की संपूर्ण रूट हवाली करावा लागत नाही. पीट्रेसचा अधिकार दिला, तर तो माणूस दुसऱ्याच्या प्रोसेसची मेमरी वाचू शकतो आणि बदलूही शकतो. सुरक्षेच्या बाजूने कोणता द्यावा, हे मला उघड दिसते.

रात्रपाळी

चालू प्रोसेसपुरते हे मान्य करतो. मात्र स्ट्रेसने स्वतः सुरू केलेल्या प्रोसेसला स्कोप १ आड येत नाही. म्हणून भार वाटून घेणाऱ्या चार प्रतींपैकी एक काढून ती स्ट्रेसखाली नव्याने सुरू करणे, आणि तिच्याकडे थोडाच भार वळवणे, हा मार्ग मी सोडणार नाही. त्यात कोणताही जादा अधिकार लागत नाही, आणि प्रोसेस स्ट्रेसनेच सुरू केलेली असल्यामुळे आपण पहिल्याच पोस्टमध्ये निकालात काढलेला सेकॉम्प-बीपीएफचा पर्यायही तिथे लागू पडतो.